सीवकाचा प्रश्न

लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, तर पळणारा माणूस ते सहसा कुणाला सांगत नाही. नख निघालं, टाचेला फोड आला, गुडघा सुजला, हे तो चारचौघांत मिरवतो, ग्रुपवर फोटो टाकतो. रंगाचं मात्र बोलत नाही. उद्यापासून पाणी जास्त प्यायचं असं मनाशी ठरवतो आणि पुन्हा पहाटे चारला बूट बांधतो. मला सांगावं लागलं, कारण त्या दिवशी मला रस्त्याच्या कडेवरून उठताच येईना.

सिंदी (रेल्वे) हे माझं गाव. सेलू तालुका, वर्धा जिल्हा. तान्हा पोळ्याचे मोठाले लाकडी नंदी पाहायला लांबून माणसं येतात तेच हे सिंदी. नोकरी बुटीबोरीच्या एमआयडीसीत, त्यामुळे पॅसेंजरने अपडाऊन, आणि पळायचं ते गाडीच्या आधी, सेलडोहच्या रस्त्याने. पळण्याची सुरुवात आमच्याकडच्या बहुतेक पोट्ट्यांची होते तशीच झाली, पोलीस भरतीपासून. भरती झाली नाही, पळणं राहिलं. आधी एकवीस किलोमीटर, मग बेचाळीस, मग त्याच्याही पुढचं. त्या वर्षी डोक्यात लडाखची शर्यत होती.

एप्रिल संपत आला होता. विदर्भातल्या उन्हाळ्याचं वर्णन विदर्भाबाहेरच्यांसाठी करावं लागतं, आम्हाला नाही. पहाटेसुद्धा डांबर गरम असतं एवढं सांगितलं तरी पुरे. मी वेगाच्या फेऱ्या मारत होतो: जोरात पळायचं, थोडं थांबायचं, पुन्हा जोरात. चौथ्या-पाचव्या फेरीत मांड्या निकामी झाल्या. गोळा आला नव्हता. गोळा मी ओळखतो. स्नायू घट्ट होतो, हाताला लागतो, माणूस ओरडतो. इथे मांड्या मऊच होत्या, दुखणंही फार नव्हतं, त्या फक्त माझं ऐकत नव्हत्या. कंबर मात्र आतून धरली होती. शुद्ध होती, बोलता येत होतं, दूधवाल्याला मी स्वतःच हाक मारली. दुपारी तो रंग दिसला.

नंतरचं लवकर सांगतो, कारण दवाखान्याच्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात. सलाईन लागलं. ईसीजी, इको, पट्ट्यावर चालवून घेतलेली तपासणी, सगळं ठीक. सीपीके नावाची एक तपासणी असते. स्नायू फाटले की त्यांच्यातला तो पदार्थ रक्तात उतरतो. निरोगी माणसात तो शे-दोनशेच्या आसपास असतो, माझा कित्येक हजारांत होता. फुटलेल्या स्नायूंतलंच दुसरं एक द्रव्य मूत्रपिंडातून जाताना लघवीला रंग देतं, आणि फार झालं तर मूत्रपिंडच बंद पाडतं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझं आडनाव पुन्हा एकदा वाचलं आणि विचारलं, घरात कुणाला सिकल होता का?

आडनावावरून विचारलेला प्रश्न आमच्या समाजातल्या माणसाला टोचतो. इथे तो टोचायला नको होता, तरी टोचला. विदर्भातल्या आदिवासींमध्ये आणि आम्हा बौद्धांमध्ये सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार जास्त आढळतो, हे खरं आहे. नोकरीच्या मुलाखतीत विचारलेलं आडनाव वेगळं, इथलं वेगळं. पण कानाला फरक कळायला वेळ लागतो.

होता. माझ्या मोठ्या भावाला होता. दादा 1980 च्या उन्हाळ्यात जन्मला आणि तेराव्या वर्षी गेला. मला आठवतात ते त्याचे पिवळे डोळे, थंडीत सुजणारे सांधे, रात्री हाडं दुखतात म्हणून त्याचं रडणं आणि ते ऐकू येऊ नये म्हणून माझं गोधडीत डोकं खुपसणं. गावात त्याला संधिवात म्हणत, कुणी कावीळ म्हणे. शेवटच्या वर्षी नागपूरला नेला तेव्हा कुठे नाव कळलं. तो कागद बाबांनी ट्रंकेत ठेवला होता. बाबा गेल्यावरही तो तिथेच होता. 'एसएस पॅटर्न' असं त्यावर लिहिलेलं. माझा कागद सेवाग्रामच्या तपासणीतून आला, त्यावर 'एएस'. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही बिघडलेले घटक दादाला मिळाले होते, मला त्यातला एकच. आईबाप दोघंही असे एका घटकाचे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता दादासारखं मूल होण्याची, चारात दोन माझ्यासारखं, चारात एक पूर्ण मोकळं. माझ्यासारखी बहुतेक माणसं आयुष्यभर काहीही न होता जगतात. शेतात राबतात, मैदानात खेळतात. पण प्रचंड ऊन, पाण्याची कमतरता आणि दम तोडणारा वेग एकत्र आला, तर त्यांच्याही रक्तपेशी वाकू शकतात आणि स्नायूंचं रक्त अडू शकतं. नेमकं काय किती घडतं यावर डॉक्टरांमध्येही वाद आहेत. लडाखबद्दल मात्र वाद नव्हता. लेह साडेतीन हजार मीटरवर, खारदुंग ला त्याहून कितीतरी वर. विरळ हवेत वाहकाच्या प्लीहेला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. डॉक्टर म्हणाले, समुद्रसपाटीला हवं तेवढं पळा, तिकडे नको.

हे सगळं मी आईला दोन्ही कागद पुढे ठेवून समजावत होतो. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या कागदासोबत मिळालेल्या माहितीपत्रकावर एक चित्र होतं, एका बाजूला गोल पेशी, दुसऱ्या बाजूला विळ्यासारखी वाकलेली. त्या चित्रावर तिने बोट ठेवलं.

"त्या डॉक्टरनंही मले असाच इळा काढून दाखोला होता," ती म्हणाली. "मी तेवाच समजली होती."

काय समजली होती ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. 16 फेब्रुवारी 1980 ला सूर्यग्रहण होतं. पट्टा दक्षिणेकडून गेला, आमच्याकडे खग्रास नव्हतं, पण दुपारनंतर उजेड मलूल झाला होता. मुंबईचे रस्तेसुद्धा त्या दिवशी ओस पडले होते म्हणतात. सिंदीत गर्भार बायांना घरात बसवलं होतं. काही कापायचं नाही, चिरायचं नाही, नाहीतर पोटातल्या पोराला व्यंग येतं. आई पोटुशी होती. आणि ती हरभऱ्याच्या वावरात विळा घेऊन बसली होती.

"गिऱ्हान लागलं होतं अन् मी हरबरा सोंगत होती. इळा माह्याच हातात होता ना."

म्हणजे त्या दिवशीचा विळा दादाच्या रक्तात गेला. डॉक्टरने कागदावर काढून दाखवला तो तोच. हे ती तीस वर्षांहून जास्त काळ मनात घेऊन जगत होती, आणि आता दुसऱ्या पोराच्या कागदावर तोच विळा पुन्हा उगवला होता.

इथे एक सांगायला हवं. आमचं घर 1956 पासूनचं बौद्ध आहे. आजी 14 ऑक्टोबरला सिंदीहून गाडीने नागपूरला गेली होती, पांढरं लुगडं नेसून. आई रोज त्रिशरण म्हणते. वर्षावासात आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो, ती पुढच्या रांगेत बसते. घरात देव नाही, भटजी नाही, पण ग्रहण होतं. देव्हारा एका दिवसात उचलता येतो. भीतीला तसं धरायला काही नसतं, म्हणून ती राहते. यासाठी मी आईला हसणार नाही. पळणाऱ्यांच्या जमातीतही भीतीचे केवढे विधी असतात; शर्यतीच्या दिवशी जुनेच मोजे घालणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत.

पण प्रश्न उभा राहिलाच. दादाचं मरण हे आईच्या कर्माचं फळ होतं का? आणि आईच्या नाही, तर दादाच्या स्वतःच्या, मागच्या कुठल्या जन्मातल्या? तेरा वर्षांचं पोर रात्रभर हाडं धरून रडतं, त्याला काही ना काही कारण हवं असं माणसाला वाटतं. कारण नसणं हे दुखण्याहून अवघड वाटतं.

आमच्या विहारात एक निवृत्त गुरुजी आहेत. कर्माचा विषय निघाला की ते सीवकाची गोष्ट काढतात. सीवक हा राजगृहाला वेळुवनात बुद्धाला भेटलेला परिव्राजक. गोष्ट संयुत्त निकायात, वेदनांबद्दलच्या भागात येते. त्याने विचारलं, काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात की माणसाला जे सुख, दुःख किंवा मधलं काही वाटतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच. यावर तुमचं म्हणणं काय? बुद्धाने उत्तरादाखल कारणांची यादी दिली. काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिघांच्या एकत्र बिघडण्याने. काही ऋतू बदलल्याने. काही शरीराची नीट निगा न राखल्याने. काही अचानक झालेल्या माराने. आणि काही कर्माच्या विपाकाने. हे माणसाला स्वतःलाही कळतं आणि जगही ते मानतं. मग सगळंच पूर्वकर्म म्हणणारे स्वतःला कळणाऱ्या आणि जगाने मानलेल्या, दोन्ही गोष्टींच्या पलीकडे उडी मारतात. म्हणून ते चुकतात.

मला या यादीत माझा एप्रिल दिसला. ऋतू: वर्ध्याचा उन्हाळा. निगा: रिकाम्या पोटी, कमी पाण्यावर, मर्यादेपलीकडच्या फेऱ्या. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या यादीत दोन रकाने माझे निघाले, तेही इतके सरळ की डॉक्टरांच्या कागदावर तेच वेगळ्या शब्दांत लिहिलेलं होतं. पित्त-कफ-वात आज कुणी तसे वापरत नाही, पण यादीची किंमत त्या नावांत नाही. जेवढं कळतं तेवढंच बोलायचं, आणि कळतं त्यात ऊनही येतं, खाणंही येतं, ही सवय त्या यादीत आहे. कर्मही तिथे आहे, पण आठातलं एक म्हणून. सगळ्यांचा बाप म्हणून नाही.

त्रिपिटकात सगळीकडे हेच आहे असं मी म्हणणार नाही. मज्झिम निकायात दुसरं एक सुत्त आहे, जिथे प्राण्यांना इजा करणारा पुढच्या जन्मी रोगी होतो असं सरळ सांगितलं आहे. गुरुजी ते सुत्तही दाखवतात, लपवत नाहीत. दोन्ही बाजू एकाच पेटीत आहेत, निवड आपल्याला करावी लागते. बाबासाहेबांनी ती केली. बुद्धाचं म्हणून जे सांगितलं जातं ते विवेकाला आणि तर्काला धरून आहे का, आणि माणसाच्या हिताचं आहे का, याच कसोटीवर ते घासून पाहतात. कर्माबद्दल त्यांनी जे लिहिलं ते माझ्या कागदांना थेट जाऊन भिडतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तात मूल आईबापांकडून फक्त शरीर घेतं, बाकी सगळं त्याचं स्वतःचं मागचं गाठोडं असतं, आनुवंशिकतेचं शास्त्र याच्या उलट सांगतं, आणि असा अशास्त्रीय सिद्धान्त बुद्ध मानेल हे शक्य नाही. या सिद्धान्ताचा उपयोग काय, असंही ते विचारतात आणि उत्तर देतात: गरिबांच्या, खालच्या मानलेल्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, एवढाच.

सीवकाच्या यादीत आनुवंशिकता नाही. बाबासाहेबांनी तो नववा रकाना जोडला, असं मी मनाशी म्हणतो.

तारखांचा एक योगायोग मला फार आवडतो. केंब्रिजमधल्या व्हर्नन इनग्रॅमने सिकलच्या हिमोग्लोबिनमधला फरक एका लहानशा तुकड्यापर्यंत शोधून काढला. तो लेख 'नेचर'च्या 13 ऑक्टोबर 1956 च्या अंकात आला. दुसऱ्या दिवशी नागपूरला दीक्षा झाली. पुढच्या वर्षी इनग्रॅमने फरक नेमका कुठे ते दाखवलं: साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, बस. त्याच 1957 मध्ये बाबासाहेबांचा ग्रंथ छापून आला, त्यांच्या पश्चात. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसेल. योगायोगाला अर्थ नसतो, हे मला कळतं. तरी आजीच्या पांढऱ्या लुगड्याचा विचार आला की मला त्या सहाव्या जागेचीही आठवण येते.

एवढी सगळी तयारी करून मी आईकडे गेलो. म्हटलं, ग्रहण नाही, विळा नाही, मागचा जन्म नाही. हे रक्तातून येतं. तुझ्याकडून एक, बाबांकडून एक. कुणाचाही दोष नाही.

तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे माह्याच रक्तातून गेलं ना मंग?"

मी गप्प झालो. ग्रहणाच्या जागी मी तिला तिचं रक्त आणून दिलं होतं. ग्रहणाचं पाप निदान एका दुपारचं होतं. हे तर ती जन्मली तेव्हापासूनचं. कारण बदललं म्हणून अपराध सुटत नाही, तो नव्या कारणाला जाऊन चिकटतो. हे कर्मवाद्यांनाही कळत नाही आणि शास्त्र समजावणाऱ्यांनाही फार कळत नाही. आमच्याकडे लग्न जुळवताना आता सिकलची तपासणी विचारली जाते, ती विचारलीच पाहिजे. पण ज्या घरात एएस निघतं तिथल्या मुलीकडे लोक कसं पाहतात ते बघा. पूर्वी म्हणत, पाप असेल. आता म्हणतात, रक्तात आहे. स्वर तोच.

मग मी तिला हिवतापाचं सांगितलं. अँथनी अ‍ॅलिसनने 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं, की हा एकच घटक असलेली मुलं जीवघेण्या हिवतापापासून बऱ्याच अंशी वाचतात. म्हणून जिथे पिढ्यानपिढ्या असा हिवताप होता तिथेच हा घटक टिकून राहिला. आपल्याकडेही तेच. तुझ्या आजीच्या आजीला तो होता म्हणून ती तापातून वाचली असेल, आणि ती वाचली म्हणून तू आहेस. जे दादाला घेऊन गेलं त्यानेच आपला वंश राखला. हे मी जरा ऐटीतच सांगितलं, कारण मला स्वतःला ते फार मोठं वाटलं होतं.

आईने विचार केला. "वाचली असन," ती म्हणाली. "पन माहा पोरगा गेला ना."

याला उत्तर नाही, आणि मला वाटतं ते असूही नये. वंशाचा हिशेब वंशाला पटेल, आईला तो पटवायचा नसतो. बुद्धाने मेलेलं पोर घेऊन आलेल्या किसा गोतमीला कारण सांगितलं नव्हतं. ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण म्हणून तिला दारोदार पाठवलं होतं. या गोष्टीतून मरण अटळ आहे हा बोध काढतात. मला त्यात एवढंच दिसतं की त्याने त्या वेळी 'का' या प्रश्नाला हात घातला नाही. सीवकाला त्याने यादी दिली, गोतमीला दिली नाही. विचारणारा कोण आहे ते त्याने पाहिलं.

आता पळण्याचं. लडाख सुटलं, पण पळणं सोडावं का? मित्र दोन टोकांना गेले. एकाचं म्हणणं, डॉक्टर घाबरवतात, मनाने ठरवलं तर शरीर ऐकतं. दुसऱ्याचं, झालं तेवढं पुरे, आता बागेत चाल. मध्यम मार्ग म्हणून मीही आधी निम्मे किलोमीटर असाच अर्थ लावला होता. म्हणजे धम्माला किलोमीटरच्या हिशेबात बसवलं होतं.

सोण कोळिविसाची गोष्ट विनयाच्या महावग्गात आहे. चंपेच्या धनिकाचा मुलगा, इतका लाडात वाढलेला की तळपायावर केस उगवलेले. ते पाहायला बिंबिसार राजाने त्याला बोलावून घेतलं होतं. हा भिक्खू झाला आणि शीतवनात इतका चालला, इतका चालला की पाय फुटले, वाट रक्ताने माखली. तरी काही साधेना, म्हणून घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. माझ्या माहितीतला सगळ्यात जुना दमाचा खेळाडू हाच. बुद्धाने त्याला वीणेच्या तारांचं विचारलं, फार ताणल्या किंवा फार ढिल्या सोडल्या तर वाजतील का. ही गोष्ट सगळे इथपर्यंतच सांगतात. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. बुद्ध म्हणाला, तू नाजूक वाढलेला आहेस, तुला एका तळाच्या चपला घालायची परवानगी आहे. सोणाने नकार दिला. ऐंशी गाड्या सोनं आणि हत्ती सोडून आलेला हा माणूस चपलांसाठी सवलत घेतो असं लोक म्हणतील. संघाला परवानगी मिळाली तर मीही घालेन. तेव्हा बुद्धाने सगळ्याच भिक्खूंना चपला घालायची परवानगी दिली.

तारांची उपमा ऐकून माणूस मान डोलावतो आणि घरी जातो. चपला देण्यासाठी पायांकडे पाहावं लागतं, आणि नियम बदलावा लागतो.

आणि तो सगळ्यांसाठी बदलावा लागतो. हे मला फार उशिरा कुठल्या धम्मग्रंथात नाही, लष्कराच्या आकड्यांत पुन्हा दिसलं. 1987 मध्ये अमेरिकेतल्या वीस लाखांवर नव्या जवानांच्या नोंदी तपासून निघालं होतं की प्रशिक्षणात पळताना अचानक मरण येण्याचं प्रमाण सिकलच्या वाहकांमध्ये कितीतरी पट जास्त आहे. पुढे 2016 मध्ये सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास आला. त्यात वाहकांमध्ये स्नायू फाटण्याचा धोका दीडपटीच्या आसपास निघाला, पण मरणाचं प्रमाण इतरांहून वेगळं निघालं नाही. मधल्या काळात लष्कराने उन्हातल्या सरावाचे नियम बदलले होते: पाणी, सावली, विश्रांती, हळूहळू वाढत जाणारा भार, आणि हे सर्वांना, रक्त कुणाचं कसं आहे ते न विचारता. तिकडच्या कॉलेजच्या खेळांनी दुसरी वाट धरली. 2006 मध्ये फुटबॉल खेळणारा एक वाहक मुलगा सरावानंतर मेला आणि 2010 पासून वरच्या श्रेणीच्या खेळाडूंची सिकल तपासणी सुरू झाली.

दोन्ही वाटांना कारणं आहेत. माझ्यापुरतं म्हणाल तर मला कळलं हे बरं झालं. मी आता मे महिन्यात वेगाच्या फेऱ्या मारत नाही, तहान लागायच्या आधी पितो, मांड्या मऊ पडल्या की थांबतो आणि त्याला हार म्हणत नाही. बायकोची तपासणी केली, ती मोकळी निघाली, म्हणजे दादासारखं मूल आमच्या घरात होणार नाही. 2023 च्या 1 जुलैला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासायचं ठरलं आहे, 2047 पर्यंत आजार संपवायचा आहे. मी चाळिशी ओलांडलेला, म्हणून मोहिमेच्या बाहेरचा; हे जरा विनोदी वाटतं.

पण आमच्या मैदानावर पहाटे भरतीची पोरं पळतात. सोळाशे मीटर, घड्याळ लावून, एप्रिल-मे काहीही असो. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर पळताना काही उमेदवार मेले, तेव्हा नियमांत बदल झाले. त्यांच्या रक्तात काय होतं याच्याशी माझं म्हणणं जोडलेलं नाही. ऊन आणि घाई पुरेशी असते. या पोरांना मी रंग विचारतो. ती हसतात. तपासणी करून घ्या म्हटलं की हसू थांबतं. एएस निघालं तर भरतीतून काढतील का, मुलगी कोण देईल, गावात कळलं तर. माझ्याकडे त्यांना द्यायला खात्री नाही, म्हणून मी फार रेटत नाही. मैदानावर पाण्याचा ड्रम ठेवायला लागलो आहे, आणि ऊन चढायच्या आत सगळ्यांनी थांबायचं हे पोरांनी मान्य केलं आहे. सगळ्यांनी. तेवढी चप्पल मला देता येते.

ज्यांना सहनशक्ती हा धर्म वाटतो त्यांच्याशी माझं भांडण इथेच आहे. शरीराने दिलेली खूण दाबून पुढे जाणं याला ते तप म्हणतात. बुद्धाने स्वतः सहा वर्षं ते करून पाहिलं होतं, बरगड्या मोजता येईपर्यंत, आणि सोडलं होतं. खूण तपासायला जाणं याला ते भीती म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. पळत राहायला मला कधीच धैर्य लागलं नाही, ते सवयीने होतं. त्या ट्रंकेचं झाकण उघडायला लागलं.

आई या सगळ्यावर फारसं बोलत नाही. मध्यंतरी हरभरा सोंगायचे दिवस आले, गाडीतून उतरून घरी येताना वावरात बाया वाकलेल्या दिसल्या. मी तिला विचारलं, ग्रहण होतं हे तुला माहीत होतं, सगळ्या बाया घरात बसल्या होत्या, मग तू गेलीस कशाला?

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "कशाले म्हंजे? ज्याइच्या घरी दाने होते त्या बसल्या घरात. आपल्या घरी रोजी होती काय बसाची?"

सातव्या महिन्यातली बाई, विळा हातात, पाठ दिवसभर वाकलेली, कारण मजुरी बुडाली तर संध्याकाळची चूल पेटत नव्हती. इतकी वर्षं ती ग्रहणाचा जाब स्वतःला विचारत राहिली. मजुरीचा जाब तिला कुणी दिला नाही, आणि मागता येतो हेही तिला कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, त्या दिवशी तुला जावं लागलं हे वाईटच झालं, पण ते तू केलेलं नव्हतं.

"हाव," ती म्हणाली, "ते बराबर हाये. आठ आने कमी देल्ले होते त्यानं. म्हने गिऱ्हानात काम कमी झालं."